भारोभार गूळ

मखमलाबादच्या शिवारात मंजुषाला ओळखत नाही असा माणूस शोधून सापडायचा नाही. एक तर ती स्वतः टेम्पो चालवते. झेंडूचे क्रेट लादून नाशिकच्या फुलबाजारात जाते, आणि एखाद्या व्यापाऱ्यानं मापात पाप केलं तर त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करूनच गाडीला स्टार्टर मारते. दुसरं म्हणजे ती काही विसरत नाही. तिच्याशी नीट वागलात तर जीव टाकेल. पण एकदा का तिनं डूख धरला, की मग तुम्ही काशीला जा नाहीतर रामेश्वरला, तो डूख तुमची वाट बघत घरी बसलेला असतो. तिच्या सासूला, गोजराबाईला, हे कळायला बरीच वर्षं लागली.

आता हा डूख कशाचा, ते आधी सांगायला हवं. नाहीतर तुम्ही म्हणाल, सासूसुनेचं नेहमीचंच. नेहमीचं नव्हतं हो.

मंजुषा येवल्याकडची. बाप पैठणीच्या मागावर बसणारा, घरात चार बहिणी, खाणं बेताचं. लग्नात इतकी बारीक होती की हळद लावताना बायका म्हणाल्या, एवढ्याशा अंगाला एवढी हळद कशाला वाटली? वर्षाच्या आत दिवस राहिले. गोजराबाईला आनंद झाला, खोटं कशाला बोला. पदर पसरून ती गडावरच्या देवीला नवस बोलली, की आई, नातवंड सुखरूप दे, त्याच्या भारोभार गूळ वाटीन. भारोभार म्हणजे तागडीच्या एका पारड्यात पोर, दुसऱ्यात गूळ, दोन्ही पारडी बरोबर होईपर्यंत. देवीला असं कबूल केलं, आणि दुसऱ्याच दिवसापासून तिनं सुनेची भाकरी अर्धी केली.

यात तिचं एक शास्त्र होतं. तिची जाऊ बाळंतपणात अडून गेली होती, तिच्या डोळ्यांदेखत. पोर पोटात मोठं झालं आणि त्याला वाट मिळेना, असं तेव्हा सुईण म्हणाली. ते गोजराबाईच्या डोक्यात जे बसलं ते बसलं. पोटुशीला पोटभर घातलं की पोर फुगतं, पोर फुगलं की अडतं. म्हणून अर्धी भाकरी, वर पातळ आमटी. दूध बंद, केळं बंद, संध्याकाळी नुसता ताकभात. काम मात्र पुरेपूर, कारण फुलं तोडायला वाकलं म्हणजे सुटका सोपी होते म्हणे. सरकारी दवाखान्याकडून आशाताई घरी यायच्या, हिचं वजन वाढत नाही म्हणायच्या, खायला घाला म्हणायच्या. गोजराबाई त्यांना चहा पाजून वाटेला लावायची.

मंजुषा भुकेनं वेडी व्हायची. घरादाराच्या भाकऱ्या आपण थापायच्या, त्यांचा वास घ्यायचा आणि अर्धी उचलायची. शेवटी तिनं शेजारणीकडून मूठ मूठ शेंगदाणे आणून फुलांच्या पाटीत, झेंडूखाली लपवायला सुरुवात केली. तोडता तोडता दोन दाणे तोंडात टाकायची. ते धाकट्या नणंदेनं पाहिलं. चैताली तेव्हा दहा वर्षांची. पोरच ती, धावत जाऊन आईला सांगून आली, वहिनी चोरून खाते. गोजराबाई शेतात आली आणि सगळ्या मजूर बायकांदेखत तिनं पाटी उपडी केली. झेंडू आणि दाणे मातीत सांडले. झेंडू वेचून घ्यायला लावले, दाणे नाही वेचू दिले.

सातव्या महिन्यात, डोहाळजेवणाची साडीसुद्धा आणलेली नव्हती, तेव्हा कळा सुरू झाल्या. सरकारी दवाखान्यात मुलगी झाली, ओंजळीत मावेल एवढी. नर्सनं तिला काट्यावर ठेवलं, वजन मोठ्यानं बोलली आणि काचेच्या पेटीकडं पळाली. नवरा, रंगनाथ, बाहेर खांबाला टेकून उभा होता. पोरगी दुसऱ्या दिवसापर्यंत राहिली आणि गेली. डॉक्टरीणबाई मंजुषाच्या उशाशी बसून म्हणाल्या, की तुझं वजन मुळातच कमी, त्यात गरोदरपणात वाढायला हवं ते वाढलं नाही. अशा बाईचं मूल दिवस भरायच्या आधी येण्याची भीती जास्त असते. तुला कुणी खायला देत नव्हतं का? मंजुषानं सासूकडं बघितलं. सासूनं भिंतीकडं बघितलं.

एवढ्यावरही कदाचित निभावलं असतं. माणूस चुकतं. पण घरी आल्यावर भेटायला बायका जमल्या, तेव्हा गोजराबाई डोळ्यांना पदर लावून त्यांना म्हणाली, “खडकावर पेरलं तर उगवणार काय? हाडं घेऊन आली व्हती म्हायेराहून, हाडंच पदरात पडली.”

आतल्या खोलीत मंजुषा दूध दाटलेल्या छातीला फडकं बांधून पडली होती. तिनं ते ऐकलं. आपणच उपाशी ठेवायचं आणि वर हाडकी म्हणून बोल लावायचा! रडणं तिथंच थांबलं तिचं. तिनं ठरवून टाकलं, की ही म्हातारी एक दिवस हे वाक्य गिळेल, आणि मी ते तिला पाण्याशिवाय गिळायला लावीन.

पुढं दुसऱ्या खेपेला दिवस राहिले तेव्हा मंजुषा निराळीच बाई झाली होती. ती ओट्यावर, सासूच्या बरोबर समोर, मांडी घालून बसायची आणि खायची. भाकरी, पिठलं, मटकीची उसळ, उकडलेली अंडी, तेलात कालवलेली दाण्याची चटणी, वर गुळाचा खडा. एक भाकरी संपली की दुसरी अशी मोडायची की सासूला ऐकू जावं. गोजराबाई म्हणाली, अडेल गं. मंजुषा म्हणाली, अडू द्या, आणि तिसरी घेतली. शुभांगी पूर्ण दिवसांची झाली, गुटगुटीत. आज ती शाळेच्या खो-खोच्या संघात आहे.

तेव्हा गोजराबाईनं नवसाचं नाव काढलं नाही. नवस पहिल्या खेपेचा होता, तो पहिल्या खेपेबरोबर गेला, असं तिनं आपलं आपणच ठरवलं. मंजुषानंही आठवण करून दिली नाही. मनात मात्र ते तिला रोज टोचायचं. भारोभार गूळ बोलली, आणि भारच होऊ दिला नाही मेलीनं.

मग मंजुषा टेम्पो शिकली. बाजार तिच्या हातात आला. गोजराबाईचे गुडघे गेले, तसं स्वयंपाकघरही सुनेकडं आलं. सत्ता आली, पण सूड काही हाती लागेना. थकल्या सासूला एक भाकरी कमी वाढणं हा काय सूड झाला? तसलं करणाऱ्या बायका वेगळ्या. मंजुषाला तोलामोलाचा हवा होता, आणि तो एक दिवस आपल्या पायांनी घरी चालत आला. म्हणजे चैतालीच्या पायांनी.

चैताली मनमाडला दिलेली. नवरा सुनील रेल्वेत. पहिलं बाळंतपण माहेरी, या रिवाजानं ती सहावा लागताच आली. मूळचीच अंगानं जड, आता आणखी झालेली. गोजराबाईचं काय सांगावं! गुडघेदुखी कुठल्या कुठं पळाली. खाटेवरून हुकूम सुटायला लागले. डिंकाचे लाडू कर, तुपातला शिरा कर, पापड तळ, लोणचं काढ, पोरीच्या तोंडाला चव नाही. दोन जिवांची हाय, दोघांचं खाऊ दे तिला.

मंजुषा ऐकत होती आणि आतून रटरटत होती. सुनेला अर्धी भाकरी आणि लेकीला दोघांचं. मग ते अडण्याचं भय कुठं गेलं? विचारलं असतं तर म्हातारीकडं उत्तर तयार होतं, की आता डॉक्टर पोट फाडून काढतात, अडायचं कुठं. पण खरं कारण वेगळं होतं. गोजरानं सून उपाशी मारली, तिचं पोर गेलं, ही कुजबुज भावकीत अजून चालायची. लेक माहेराहून वाळून गेली तर माहेराची लाज जाते, भरून गेली तर मान राहतो. म्हातारीला लेकीला असं भरायचं होतं की मनमाडकरांनी बघत राहावं आणि इथल्यांची तोंडं बंद व्हावीत.

त्यासाठी तिनं एक नवीच टूम काढली. शेडमध्ये झेंडूचे क्रेट तोलायचा वजनकाटा होता. दर रविवारी चैतालीला त्याच्यावर उभी करायची, आजूबाजूच्या बायका बोलवायच्या आणि आकडा मोठ्यानं वाचायचा. आकडा चढलेला असला की सगळ्यांना चहा. जिला गरोदरपणी या घरात कुणी काट्यावर चढवलं नव्हतं, तिनं तो चहा करायचा.

सातव्या महिन्यातल्या तपासणीला मंजुषाच तिला टेम्पोत घालून घेऊन गेली. दवाखाना तोच, डॉक्टरीणबाई नव्या, तरण्या. त्यांनी दोघींना समोर बसवून सांगितलं. वजन आधीच जास्त होतं, आता भराभर चढतंय. ब्लड प्रेशर वाढलंय, पायाला सूज आहे. हे हाताबाहेर गेलं तर मूल वेळेआधी काढावं लागतं, नाहीतर दोघांच्याही जिवावर बेततं. गोळी रोज घ्यायची, मीठ आणि तळण कमी, दर आठवड्याला दाखवायला यायचं. आणि डोकं ठणकलं, डोळ्यांपुढं अंधारी आली, तर मिनिटभरही थांबायचं नाही.

बारीक बाईचं मूल लवकर येतं, हे मंजुषा जबर किंमत देऊन शिकली होती. जाड बाईचंही येतं, हे तिला त्या दिवशी कळलं. बाहेर आल्यावर चैताली म्हणाली, वहिनी, आईला यातलं काही सांगू नको, उगाच रडून गोंधळ घालेल. मंजुषा म्हणाली, नाही सांगत.

झालं. आता तिला काही करायचंच नव्हतं. कारस्थान नको, कपट नको. फक्त सासूचा शब्द पाळायचा. ती म्हणेल ते रांधायचं, म्हणेल तेवढं वाढायचं. म्हातारीच्याच हुकमानं म्हातारीच्या लेकीचा घास घ्यायचा. पुढं बायका भेटायला येतील तेव्हा डोळ्याला पदर लावून काय बोलायचं, तेही तिनं गाडी चालवता चालवता जुळवून ठेवलं. चिखलात पेरलं, कुजणार नाही तर काय?

त्या दिवसापासून त्या घरात अशी गुणाची सून वावरू लागली की बघत राहावं. तुपाला हात राखला नाही. पापड एक मागितला तर तीन तळले. गोळ्या अंगाला गरम पडतात म्हणून गोजराबाईनं त्या कोनाड्यात ठेवून दिल्या, तेव्हा मंजुषानं त्या गोळ्यांपुढं लोणच्याची बरणी ठेवली. दर आठवड्याच्या तपासणीचा विषय चैतालीनं काढला, गोजराबाई म्हणाली एवढ्या उन्हात कशाला, आणि मंजुषा म्हणाली, आत्या म्हणतात ते बरोबर. सून सुधारली हो माझी, असं गोजराबाई शेजारणींना सांगायची. मंजुषा मान खाली घालून हसायची. खरं सांगायचं तर तिला सुख वाटत होतं. पाठ टेकली की झोप लागायची, जी कित्येक वर्षं धड लागली नव्हती. असं वाईट सुखही असतं माणसाला, कुणी नाही म्हणू नये.

तिसऱ्या रविवारी आकडा असा उडाला की बायकांनी टाळ्या वाजवल्या. एका आठवड्यात एवढं! गोजराबाई तर काट्याला हळदकुंकू लावायला निघाली. मंजुषानं आकडा बघितला आणि मग चैतालीचे पाय बघितले. चपलेचा पट्टा मांसात रुतला होता. घोट्याचं हाड दिसत नव्हतं. तोंडही सुजलेलं होतं.

फुलबाजारात एक जुनी चलाखी आहे. फुलावर पाणी मारायचं. ओलं फूल जड भरतं. मुरलेला व्यापारी क्रेटमध्ये हात घालतो, वजनातून पाणी कापतो आणि वर दोन शिव्या देतो. मंजुषानं शिव्या खाल्ल्याही होत्या आणि दिल्याही होत्या. त्यामुळं काट्यावर काय चढलंय ते तिला लगेच कळलं. ते बाळाचं वजन नव्हतं, तुपाचंही नव्हतं. पाणी होतं, आणि डॉक्टरीणबाई ज्याला भीत होत्या ते हेच.

ती का बोलली, हे तिला आजही सांगता येत नाही. दया आली म्हणावं तर तसं काही नव्हतं. खोटं वजन खरं म्हणून खपताना तिला बघवत नाही, एवढंच असेल. ती म्हणाली, “आत्या, हे ओल्या फुलाचं वजन हाय. पोरीला सूज चढलीय. आजच दवाखान्यात नेऊ.”

गोजराबाईच्या हातात हळदकुंकवाची कोयरी तशीच राहिली. सगळ्यांदेखत ती म्हणाली, “जळतीस व्हय गं? तुझ्या हाडांनी पोर धरलं नाय, म्हणून माझ्या लेकीचं भरलं अंग डोळ्यात खुपतंय तुझ्या.”

तेच वाक्य. इतक्या वर्षांनी, धुऊन पुसून तेच. बरं, म्हणाली मंजुषा मनात. मग भोगा आता. ती आत गेली आणि पुऱ्या तळायला घेतल्या, कारण सासूनं रविवारच्या पुऱ्या सांगितल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी रंगनाथ घोटीला एका लग्नाला गेला होता आणि शुभांगी शाळेत होती. चैताली जेवून उठली आणि डोकं धरून खाली बसली. डोकं फुटतंय म्हणाली, मग ओकली. गोजराबाईनं मीठमोहऱ्या घेतल्या आणि दृष्ट काढायला लागली. कालच्या त्या भवानीचीच दृष्ट, असं तोंडानं चाललं होतं. मोहऱ्या निखाऱ्यावर तडतडल्या. चैताली भिंत चाचपत उभी राहिली आणि म्हणाली, आई, तू मला दिसत नाहीयेस नीट.

तेव्हा म्हातारीच्या हातातलं मीठ गळालं. लंगडत दारात येऊन तिनं हाक मारली, मंजे, गाडी काढ.

मंजुषा अंगणात टेम्पोपाशीच होती. किल्ली तिच्या कमरेला. आतलं सगळं तिला ऐकू आलं होतं. डोकं ठणकलं, अंधारी आली, तर मिनिटभरही थांबायचं नाही, हेही तिला शब्दन्‌शब्द आठवत होतं. आणि ती थांबली.

“काढते,” ती म्हणाली. “आधी एक सांगा आत्या. माझी पोर कशानं गेली?”

गोजराबाईला आधी कळेचना. मग कळलं, तशी ती म्हणाली, ही काय येळ हाय का असलं विचारायची? मंजुषा हलली नाही. मग म्हातारी म्हणाली, नशिबानं गेली बाई, देवाची मर्जी. मंजुषा तरीही हलली नाही. किल्ली तिनं मुठीत इतकी घट्ट धरली होती की तळहातावर वळ उठला. तेवढ्या वेळात ती माणूस होती की आणखी काही, हे तिचं तिनं ठरवावं. आपण कोण सांगणार?

चैताली बसल्या बसल्या उंबऱ्यापर्यंत सरकत आली होती. डोळे किलकिले करून, वहिनी कुठं उभी आहे याचा अंदाज घेत ती म्हणाली, “शेंगदाण्यांचं मीच सांगितलं होतं, वहिनी. मला आठवतंय.”

मंजुषाला वाटायचं ही विसरली. आमची भूक हिच्या लक्षातसुद्धा राहिली नाही, याचाच तिला सासूपेक्षाही जास्त राग होता. आणि ही तर ते पोटात घेऊन सासरी गेली होती, पोटात घेऊन परत आली होती.

मग म्हातारीचं तोंड उघडलं. “तिला नको धरू,” चौकटीचा आधार घेत ती म्हणाली. “ती लेकरू व्हती. म्या खाऊ दिलं नाय तुला. म्याच.”

मंजुषानं पुढचं काही ऐकलं नाही. काखेत हात घालून तिनं चैतालीला उठवली, टेम्पोत पुढं बसवली, मागचे भरलेले क्रेट अंगणात भिरकावून दिले आणि गाडी सोडली. रस्ताभर तिनं हॉर्नवरचा हात काढला नाही. चैतालीला ती एकसारखी बोलती ठेवत होती, आणि चैताली गप्प झाली की शिव्या देत होती.

पोट फाडून मुलगी काढली. दिवस भरायला महिना-दीड महिना बाकी होता. डॉक्टरीणबाई मंजुषावर खेकसल्या, एवढं समजावून पाठवलं होतं, मग इतके दिवस होतात कुठं? आणखी उशीर झाला असता तर दोघींतली एकही हाती लागली नसती. मंजुषानं सगळं ऐकून घेतलं. तिला ते लागलं, आणि लागायलाच हवं होतं. मग ती काचेच्या पेटीपाशी जाऊन उभी राहिली. आत पोरगी एवढीशी मूठ उघडत होती, मिटत होती. ही जगणार, असं डॉक्टरीणबाई सांगून गेल्या होत्या. मंजुषाला रडू आलं, पण ते आनंदाचं नव्हतं. ही जगणार, तर माझी का नाही, एवढंच तिच्या मनात होतं.

चैतालीचं ब्लड प्रेशर उतरलं, पोरगी पेटीतून बाहेर आली, तशी गोजराबाईही हळूहळू पूर्वपदावर आली. भेटायला येणाऱ्यांना ती सांगू लागली, की सुनेला देवीनंच बुद्धी दिली, वेळेवर आणलं. आणि ते दारातलं बोलणं? ते भीतीपोटी तोंडातून गेलं, असं तिनं चैतालीला सांगितलं. ते मंजुषाच्या कानावर आलं. भाजीत मीठ जरा जास्त पडलं त्या दिवशी.

पण म्हातारीच्या मनाला एक भुंगा लागला होता. काचेच्या पेटीपुढं ती पुन्हा नवस बोलून बसली होती, ही वाचली तर हिच्या भारोभार गूळ. देवी पावली. आता आधीच्या नवसाचं काय? जुना तसाच ठेवून नवा फेडला तर देवी घेईल का? लेकीचं पोर असं आधी आलं, ते जुन्याची आठवण म्हणून तर नसेल? गेलं तरी ते नातवंड होतं. एक दिवस का होईना, जगलं होतं. त्याला भार होता, आणि तो तिनं तोलला नव्हता. तिचं जेवण तुटलं. रंगनाथला तिनं गुपचूप विचारलं, तुझ्या पहिल्या पोरीचं वजन किती व्हतं रे? रंगनाथ म्हणाला, नाही आठवत.

बारशाला मनमाडची मंडळी आली. शेडमध्ये जुनी तागडी आढ्याला टांगली. एका पारड्यात दुपट्यात गुंडाळलेली पोर, दुसऱ्यात गुळाचे खडे. पारडी बरोबर झाली, बायकांनी पोरीला ओवाळलं, गूळ वाटायला घेतला. तेव्हा गोजराबाई गुडघ्यांवर हात ठेवून उठली आणि म्हणाली, थांबा, अजून एक तोलायचंय. ती मंजुषापुढं येऊन उभी राहिली.

“मंजे, तिचं वजन किती व्हतं?”

“कोणाचं?” मंजुषानं विचारलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

म्हातारीनं इकडंतिकडं बघितलं. त्याच बायका होत्या, तेव्हा मंजुषा दवाखान्यातून आल्यावर भेटायला आलेल्या. व्याही होते, जावई होता. पळायला वाट नव्हती, आणि डोक्यावर देवी होती.

“तुझ्या पहिल्या पोरीचं,” ती म्हणाली. “म्या तुला उपाशी ठिवली, आन्‌ जी गेली, तिचं.”

गिळलं वाक्य. पाण्याशिवाय गिळलं. रंगनाथनं मोकळा श्वास सोडला, एकदाचं मिटलं म्हणून. पुरुषांना मिटायची फार घाई असते. बायकांनी डोळे पुसले. आता सून सासूच्या गळ्यात पडणार, असंच सगळ्यांना वाटलं.

मंजुषाला ते वजन पाठ होतं. नर्स ते एकदाच बोलली होती. फुलं तोलताना काट्यावर तो आकडा आला की ती चार फुलं जास्त टाकायची, पदरचा माल जायचा, पण त्या आकड्यावर ती कधी माल द्यायची नाही. जगात आता तो आकडा तिच्याशिवाय कुणाला माहीत नव्हता. त्या पोरीचं तिच्याजवळ तेवढंच उरलं होतं.

“सांगणार नाय,” ती म्हणाली.

“देवीचं फेडायचंय गं. माझं वय झालं.”

“मग फेडा की, म्या कुठं अडवलंय? टाका गूळ अंदाजानं. भाकरीबी अंदाजानंच मोडत व्हता.”

एवढं बोलून तिनं गुळाची पाटी सासूपुढं सरकवली आणि पाहुण्यांची पानं वाढायला आत निघून गेली.

चैताली लेकीला घेऊन मनमाडला गेली. गोजराबाईला मात्र तेव्हापासून दुसरं काही सुचत नाही. मंजुषा शेडमध्ये फुलं निवडत बसली की ती गुळाची पाटी घेऊन तिथं येते. वजनकाट्यावर एक खडा ठेवते आणि सुनेच्या तोंडाकडं बघते. आणखी एक ठेवते, पुन्हा बघते. मग एक काढते. मंजुषा झेंडूचे देठ खुडत राहते आणि वर बघत नाही.

परवा तिनं वर बघितलं. काट्यावर तोच आकडा आला होता, इतकी वर्षं जो तिनं टिकू दिला नव्हता. म्हातारी ओठांवरून जीभ फिरवत वाट बघत होती.

“एवढं व्हतं का गं?”

मंजुषानं हातातलं फूल निवडून बाजूला टाकलं.

“नाय,” ती म्हणाली, आणि म्हातारीनं एक खडा काढून घेतला.